बेभरवशाचा पाऊस आणि घरातला पाळणा

मुले किती हवीत हे घरात ठरत असले तरी त्या निर्णयावर घराबाहेरच्या अनेक गोष्टींचा दाब असतो. लग्नाचे वय, मुलींचे शिक्षण, बालमृत्यू, मुलग्याची ओढ, जमिनीची वाटणी, दवाखान्याचे अंतर या सगळ्यांचा लोकसंख्याशास्त्राने गेल्या शतकभरात कसून अभ्यास केला. पावसापाण्याकडे मात्र त्याचे लक्ष उशिरा गेले. दुष्काळात माणसे मरतात आणि पाठोपाठ जन्म घटतात, हे जन्ममृत्यूच्या नोंदींवरून फार पूर्वीच दिसले होते. पण पाऊस पिढ्यान्‌पिढ्या बेभरवशाचा असेल तर तिथल्या माणसांना मुले जास्त हवीशी वाटतात की कमी, हा प्रश्न नीट मांडला गेला तो १९८० च्या दशकात, आणि तोही दख्खनच्या पठारावरील काही कोरडवाहू गावांचा दाखला घेऊन. पुढे हवामानाच्या नोंदी संगणकावर सहज मिळू लागल्या आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत आफ्रिका, इंडोनेशिया, अमेरिका येथील अभ्यासांची त्यात भर पडली.

हवामानाचा लहरीपणा आणि हवामानबदल यांची इथे गल्लत होता कामा नये. बदलात सरासरीच हळूहळू सरकते. लहरीपणात सरासरी तीच राहूनही एक साल पिकते आणि दुसरे बुडते. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, हे वाक्य भूगोलाच्या पुस्तकात शोभते. जिरायतदाराच्या ते फारसे कामाचे नाही. मृगात पेरलेले महिनाभराच्या उघडिपीत करपले तर दुबार पेरणीचे बियाणे कोणाकडून आणायचे, उत्तरा-हस्ताने दगा दिला तर शाळूची पेर कशी साधायची, कडबा नसेल तर बैल ठेवायचे की बाजार दाखवायचा, हे त्याचे प्रश्न. कोणते साल बुडीत जाणार हे आधी कळत नाही आणि दोन बुडीत साले लागोपाठ येणार नाहीत याची हमी कोणी देत नाही. हवामानबदल या लहरीपणाला आणखी धार लावतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. सुक्या दुष्काळाच्या जोडीला ओला दुष्काळ आला.

आता ‘हवीशी मुले’ मोजायची कशी, ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुले असलेल्या स्त्रीला विचारले जाते, की तुम्हाला एकही मूल नव्हते त्या काळात मागे जाता आले आणि आयुष्यात किती मुले व्हावीत हे तुम्हालाच ठरवता आले, तर तुम्ही किती म्हणाल? त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो: त्यांत मुलगे किती, मुली किती आणि काहीही चालेल अशी किती? उत्तर कधी आकड्यात मिळते, कधी ‘देवाची मर्जी’ असे मिळते. हे दुसरे उत्तर अडाणीपणाचे समजून बाजूला टाकण्याची पूर्वी पद्धत होती, ती चुकीची होती. अमेरिकी लोकसंख्याशास्त्रज्ञ ॲन्स्ले कोल यांनी १९७३ मध्ये जननदर घटण्यासाठी तीन अटी सांगितल्या, त्यांतली पहिलीच अशी, की मुलांची संख्या ही आपण विचार करून ठरवायची गोष्ट आहे असे जोडप्याला वाटले पाहिजे. पाऊस, पीक, आयुष्य यांतले काहीच हाती नसलेल्या माणसाला एवढी एक गोष्ट मात्र आपल्या हाती आहे असे वाटणे सोपे नसते.

भारतात ही पहिली अट आता बहुतेक ठिकाणी पूर्ण झाली आहे. १९९२–९३ च्या पहिल्या पाहणीत देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात होणाऱ्या मुलांची सरासरी, ३.४ होता आणि महाराष्ट्राचा २.९. २०१९–२१ च्या पाचव्या पाहणीत देशाचा २.०, महाराष्ट्राचा १.७ आणि गोव्याचा १.३ झाला. याच पाचव्या पाहणीनुसार फक्त हवी असलेली मुलेच जन्मली असती तर देशाचा दर १.६ राहिला असता. म्हणजे इच्छा आणि प्रत्यक्ष यांत अजूनही फट आहे. हवामानाचा परिणाम तपासताना हे दोन आकडे वेगळे ठेवावे लागतात, आणि तिसरी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते ती वेळेची. पाळणा लांबला म्हणजे मुले कमी हवीत असे होत नाही. या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळेच या विषयात एकमेकांना छेद देणारे निष्कर्ष ढिगाने सापडतात.

दुष्काळाचा सर्वांत ठळक परिणाम याच सरमिसळीतला आहे. लोकसंख्याशास्त्रज्ञ टिम डायसन यांनी दक्षिण आशियातल्या दुष्काळांच्या नोंदी तपासल्या. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत काम केलेले अरूप महारत्न यांचा दुष्काळांच्या लोकसंख्याशास्त्रावरील ग्रंथ १९९६ चा. धान्याचे भाव चढू लागले की गर्भधारणा कमी होऊ लागतात आणि मृत्यू शिगेला पोचल्यावर साधारण नऊ महिन्यांनी जन्म तळाला जातात, असा क्रम या अभ्यासांतून दिसतो. वऱ्हाडात १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ झाले. १८९१ ची जनगणना आणि १९०१ ची जनगणना यांच्या दरम्यान तिथली लोकसंख्या सुमारे पाच टक्क्यांनी घटली, त्यात मृत्यूंचा वाटा मोठा आणि न झालेल्या जन्मांचाही. ही जन्मातली घट कोणी ठरवून केलेली नव्हती. उपाशी बाईची पाळी बंद होते, पुरुष कामाच्या शोधात परागंदा होतो, ठरलेली लग्ने पुढे जातात. पुढे पाऊसपाणी बरे झाले की जन्म पुन्हा वर येतात, कधी आधीपेक्षाही वर. म्हणून एखाद्या दुष्काळी वर्षाचा जन्मदर दाखवून ‘दुष्काळामुळे लोकांना मुले नकोशी झाली’ म्हणणे घाईचे ठरते.

खरा वाद वेगळ्या जागी आहे आणि त्याचे श्रेय मीड केन या अभ्यासकाकडे जाते. हैदराबादजवळ पटणचेरू येथील इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने १९७५ पासून काही गावांत घरोघरचे उत्पन्न, खर्च, कर्ज, मजुरी यांच्या बारीक नोंदी ठेवायला सुरुवात केली होती. सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर, अकोला जिल्ह्यातले किंखेडा आणि तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यातले औरेपल्ले ही तीन गावे केन यांनी घेतली आणि बांगलादेशातल्या चार गोपालपूर या नदीकाठच्या गावाशी त्यांची तुलना १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. निसर्गाचा धोका दोन्हीकडे होता, तिकडे पुराचा, इकडे अवर्षणाचा. पण बांगलादेशच्या गावात संकट आले की गरिबाची जमीन विकली जाई आणि नवऱ्यामागे बाईला मुलगा नसला तर तिची जमीन टिकणे अवघड होई. दख्खनच्या गावांत दुष्काळी कामे निघत, उधारी मिळे, आणि पोट जाळण्यासाठी जमीन विकण्याचे प्रसंग त्या मानाने कमी होते. केन यांचे म्हणणे असे, की जिथे दुसरा आधार नाही तिथे मुले, त्यातही मुलगे, हाच विमा असतो. म्हणून तिथे मुले जास्त हवीशी वाटतात. जिथे सरकार, पतपुरवठा किंवा बाजार यांपैकी कोणीतरी वाईट वर्षाचा भार उचलते तिथे ही गरज सैल होते. धोका किती मोठा आहे यापेक्षा त्याचा भार कोणावर पडतो हे पाहायला केन यांनी शिकवले, आणि या विषयातल्या नंतरच्या बहुतेक गोंधळात वाट दाखवायला हाच प्रश्न उपयोगी पडतो.

केन यांच्या मांडणीवर आक्षेपही आले, आणि ते दमदार आहेत. आज जन्मलेले पोर मिळवते व्हायला पंधरा वर्षे लागतात, दुष्काळ तर पुढच्या मृगात येऊ शकतो. तोवर ते खाणारे तोंडच असते. शिवाय चार मुलगे एकाच रानात राबत असतील तर पाऊस न पडल्याने चौघांचेही हात एकदमच रिकामे होतात. ज्या संकटात सगळी पोरे एकत्र सापडतात त्यावर त्यांचा विमा कसा उतरवणार? या आक्षेपाचे उत्तर पुस्तकात नव्हे, गावातच सापडते: पोरे एका जागी ठेवायची नाहीत.

दुष्काळी पट्ट्याने हे फार आधीच ओळखले होते. साताऱ्याच्या माण-खटावमधून माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि पुढे माथाडी कामात गेली. सांगली-साताऱ्यातल्या खानापूर, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतले गलाईवाले सोने-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन देशभरच्या शहरांत पसरले. घरी एक भाऊ जमीन सांभाळायचा आणि बाहेरच्या भावाची मनीऑर्डर बुडीत सालाची तोंडमिळवणी करायची. पाऊस खानापूरला पडला नाही म्हणून दूरच्या शहरातली सोने गाळण्याची भट्टी थंड होत नाही. मुलींच्या बाबतीतही असेच काही घडते, हे मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये इक्रिसॅटच्याच नोंदींवरून दाखवले. ज्यांचे शेतीचे उत्पन्न जास्त हेलकावे खाते अशी कुटुंबे मुली लांबच्या गावी देतात आणि अशा सोयरिकी असलेल्या घरांत वाईट वर्षी खाण्यापिण्याची ओढाताण कमी होते. लेक लांब देण्यामागे भावकी, गोत्र, हुंडा ही कारणे असतातच, पण व्याह्यांच्या शिवारात वेगळा पाऊस पडतो हेही एक कारण असू शकते, ही कल्पना त्यांनी आकड्यांनिशी मांडली.

केन यांच्या अगदी उलट बाजूने बोलणारा अभ्यासही दख्खनमध्येच झाला. १९८० ते १९८३ या काळात कर्नाटकाच्या ग्रामीण भागात दुष्काळ पडला तेव्हा जॉन कॉल्डवेल, पॅट कॉल्डवेल आणि पी. एच. रेड्डी तिथे लोकसंख्येचाच अभ्यास करत होते. १९८६ मध्ये त्यांनी जे लिहिले त्याचा मथितार्थ असा, की ठरावीक काळाने येणारा मोठा धोका जननदर कमी करायला कारण होऊ शकतो. दुष्काळात तगली ती माणसे शेतात जास्त हात असलेली नव्हती. ज्यांच्या घरात एखादा मास्तर, कंडक्टर, कारकून होता ती तगली. पगाराला पाऊस लागत नाही. मग शहाणपण असे ठरले, की पाच मुलांना रानात घालण्यापेक्षा दोघांना शिकवावे. इथेही मुलेच आधार आहेत, फक्त संख्येच्या जागी शिक्षण आले. केन आणि कॉल्डवेल यांच्यात वरवर दिसतो तेवढा विरोध नाही. शाळा आणि नोकरी हाताशी नसताना लहरी पाऊस मुलांची संख्या वाढवण्याकडे ढकलतो आणि ती हाताशी आल्यावर तोच पाऊस संख्या कमी करण्याकडे ढकलतो. दख्खनच्या पठाराने हा उंबरठा १९७० आणि ८० च्या दशकांत ओलांडला, असे म्हणायला जागा आहे.

त्या ओलांडण्यात १९७२ च्या दुष्काळाचे स्थान काय, हा महाराष्ट्रापुरता महत्त्वाचा प्रश्न आहे. १९७० ते १९७३ अशी सलग नापिकी झाली. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती: खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. कामावर सुकडी वाटली जाई आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळे. त्या पिढीच्या तोंडी ‘बहात्तरचा दुष्काळ’ आला की या दोन जिनसांची चव पाठोपाठ येते. एवढ्या टंचाईतही मृत्यूंचे प्रमाण पूर्वीच्या दुष्काळांसारखे भडकले नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम मिळण्याचा हक्क कायद्यात आला, आणि त्या कामावर बायकांची संख्या मोठी होती. म्हातारपणची काठी म्हणून मुलगा हवाच, या हिशेबाला सरकारी मस्टरचा पर्याय उभा राहिला; अपुरा, उशिरा पगार देणारा, पण पर्याय. जननदर त्यानंतर घटला याचे सगळे श्रेय रोजगार हमी योजनेला देता येणार नाही. बालमृत्यू घटले, एसटी गावोगाव गेली, शाळा झाल्या, कुटुंबनियोजनाची शिबिरे झाली, आणीबाणीतली जबरदस्तीही झाली. पण केन यांनी शिरापूर आणि किंखेडा पाहिली तेव्हा ही व्यवस्था ताजी होती, हे विसरून चालत नाही.

आजच्या मराठवाड्यात हवामान आणि कुटुंब यांचे नाते सर्वांत जवळून दिसते ते ऊसतोडीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती ‘कोयत्या’ला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याला अर्ध्या कोयत्याचीच उचल मिळते. यातून निघणारे परिणाम हवामानाच्या कोणत्याही ठोकळेबाज सूत्रात बसत नाहीत. जोडी असल्याशिवाय पूर्ण उचल नाही, म्हणून पोराचे लग्न लवकर उरकले जाते. सून आली की कोयता पूर्ण. लग्न लवकर, म्हणून पहिले मूल लवकर. पण फडात पहाटेपासून मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या, तर पोटुशी बाई आणि कडेवरचे पोर ही दोन्ही अडचणच. एक दिवस काम बुडाले की खाडा, म्हणजे दंड, पडतो आणि तो उचलीत चढतो. म्हणून मुले दोन-तीन, तीही पटापट, आणि पंचविशी गाठेपर्यंत नसबंदी. राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांची नसबंदी झालेली आहे, पण इथे ती कामाच्या हंगामाला बांधलेली असते. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा अपत्यांच्या इच्छेबद्दल काही सांगत नाही. मुले झाल्यानंतर त्या शरीराकडून काय अपेक्षा उरते, ते सांगतो.

कमी मुले आणि मुलगा हवाच, या दोन इच्छा एकत्र आल्या की तिसरी गोष्ट घडते. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे बीड जिल्ह्यात ८०७ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४ होता. दुष्काळ आणि मुलगारूपी विमा यांचा हा थेट पुरावा आहे असे वाटण्याचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. २००१ मध्ये हजारामागे ८३९ मुलींचा आकडा होता तो कोल्हापूर जिल्ह्याचा, आणि पंचगंगेच्या काठच्या बागायतदाराला पावसाने वाऱ्यावर सोडलेले नव्हते. मुलग्याच्या हव्यासाला दुष्काळाची गरज नसते. सोनोग्राफी यंत्राची जवळीक आणि हुंडा परवडण्या-न परवडण्याची चिंता ओलिताखालच्या सधन घरांतही तेवढीच काम करते.

हुंड्याचा उल्लेख आलाच आहे, तर या विषयातला एक उत्तम अभ्यास त्याच्यावरच उभा आहे. लुसिया कोर्नो, निकोल हिल्डेब्रांट आणि अलेसान्द्रा वोएना यांनी २०२० मध्ये सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका आणि भारत यांची तुलना केली. तिकडे नवऱ्याकडचे लोक मुलीच्या बापाला गुरे किंवा पैसा देतात. दुष्काळ पडला की बाप मुलीचे लग्न लवकर लावून तो पैसा मिळवतो, त्यामुळे बालविवाहाची शक्यता सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. भारतात पैसा उलट्या दिशेने जातो. दुष्काळात हुंड्याची सोय होत नाही, लग्न पुढे जाते आणि बालविवाहाची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी घटते. पाऊस सारखाच हुकला, तरी देण्याघेण्याच्या रीतीमुळे परिणाम उलटा निघाला. कोयत्यासाठी होणारी लग्ने भारताच्या या सरासरीत दिसत नाहीत, कारण तिथे सून ही उचलीची अट असते आणि उचल हुंड्याचे गणित फिरवते.

इतर देशांतले दाखलेही एकाच बाजूला झुकत नाहीत. नेपाळच्या चितवन खोऱ्यात सरपणासाठी लागणारा वेळ वाढला तिथे जास्त मुले हवीशी वाटतात असे आढळले. जंगल लांब गेले की मोळी आणायला आणखी दोन हात हवेत, हे कारण. ग्वाटेमालात क्लाउस पोर्टनर यांना चक्रीवादळाचा कायम धोका आणि प्रत्यक्ष आदळलेले वादळ यांचे परिणाम उलट दिसले: धोक्यापोटी जमीन असलेल्या घरांत मुले जास्त, वादळानंतर मात्र जन्म कमी. इंडोनेशियात सॅम्युएल सेलर्स आणि क्लार्क ग्रे यांनी २०१९ मध्ये पाहिले, की मोसमी पाऊस लांबला त्या वर्षी, विशेषतः बऱ्या परिस्थितीतल्या घरांत, मूल हवेसे वाटणे वाढले आणि कुटुंबनियोजनाचा वापर घटला; उलट असाधारण उष्म्यानंतर शेतकरी घरांतले, त्यातही गरिबांकडचे, जन्म कमी झाले. नायजरमध्ये, साहेलच्या काठावर, २०१२ च्या पाहणीत एकूण जननदर ७.६ होता आणि बायकांना आदर्श वाटणारी मुलांची संख्या नऊच्या वर होती. साहेलचा पाऊस जगातल्या सर्वांत लहरी पावसांपैकी एक आहे हे खरे, पण बहुपत्नीत्व, मुलांमुळे मिळणारा मान आणि मोठा बालमृत्यूदर यांना बाजूला सारून नायजरचा आकडा एकट्या पावसाच्या माथी मारणे हा शुद्ध आळशीपणा होईल.

उष्म्याचा एक परिणाम इच्छेच्या वाटेने जातच नाही. ॲलन बारेका आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या १९३१ ते २०१० या काळातल्या जन्मनोंदी तपासल्या. दिवसाचे सरासरी तापमान ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या वर गेलेल्या दिवसांनंतर आठ ते दहा महिन्यांनी जन्म कमी होतात आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांतली काही घट भरून निघते, पण सगळी नाही. वातानुकूलन घरोघर आल्यावर हा परिणाम सौम्य झाला. पुरुषबीजावर उष्णतेचा होणारा परिणाम आणि उकाड्यात एकमेकांपासून दूर राहणे या दोन्ही गोष्टी इथे संभवतात. चंद्रपूरच्या मे महिन्याची कल्पना असलेल्या वाचकाला २७ अंशांना ‘उष्ण दिवस’ म्हणणे गमतीचे वाटेल, आणि ती शंका रास्त आहे: अमेरिकेचा उंबरठा उचलून विदर्भाला लावता येत नाही.

मुले कमी हवीत असे म्हणण्याची एक नवी तऱ्हा श्रीमंत देशांत आणि मोठ्या शहरांत दिसू लागली आहे. तिथे पीक बुडण्याची भीती नाही. भीती आहे ती मुलाला पुढे कोणते जग मिळेल याची. मॅथ्यू श्नायडर-मेयरसन आणि किट लिंग लिआँग यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २७ ते ४५ वयाच्या ६०७ अमेरिकी व्यक्तींपैकी ५९.८ टक्क्यांना मूल जन्माला घालण्यातून होणाऱ्या कर्बउत्सर्जनाची, तर ९६.५ टक्क्यांना आपल्या झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या मुलांच्या भवितव्याची तीव्र चिंता होती. या व्यक्ती मुळात अशी चिंता करणाऱ्यांतूनच निवडलेल्या होत्या, त्यामुळे हे आकडे सगळ्या अमेरिकेला लावता येत नाहीत. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांना विचारले गेले तेव्हा ३९ टक्क्यांनी हवामानबदलामुळे मूल होऊ द्यावे की नाही याबद्दल आपण साशंक असल्याचे सांगितले. विशीतली शंका तिशीत टिकते का, हे त्या पिढीची मुले मोजल्यावरच कळेल.

पाऊस आणि हवीशी मुले यांची सांगड घालणाऱ्या अभ्यासांची पद्धतही थोडी पारखून घ्यावी लागते. पाहणीत निवडलेल्या वस्तीचे ठिकाण घेऊन ते नकाशावरच्या ज्या चौकोनात पडते त्यातला पाऊस आणि तापमान तिथल्याच दीर्घ सरासरीशी ताडले जाते. सरासरीपासूनचा फरक किती, यावर बायकांच्या उत्तरांचा कल तपासला जातो. पण उत्तर देणाऱ्यांची ओळख राहू नये म्हणून वस्तीचे ठिकाण नोंदीत मुद्दाम सरकवलेले असते: शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात बहुधा पाच किलोमीटरपर्यंत. एका शिवारात पाऊस आणि ओढ्यापलीकडे धुरळा, असा वळीव ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातली अडचण सांगायला नको. वर्षाच्या एकूण पावसावरून केलेला हिशेब रब्बीच्या पट्ट्यात फसतो, कारण तिथे जून-जुलैपेक्षा सप्टेंबरच्या सरी मोलाच्या असतात. विहीर, कालवा, ठिबक असलेले घर आणि जिरायती घर एकाच चौकोनात मोडतात. शिवाय झालेल्या मुलाला ‘नको होते’ म्हणायला आई सहसा तयार नसते, त्यामुळे हव्याशा मुलांची संख्या प्रत्यक्ष मुलांच्या मागोमाग सरकते.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर ‘किती’ हा प्रश्न आता जवळजवळ मिटला आहे. दोनाची चौकट जिरायती आणि बागायती, दोन्हींकडे बसली आहे. लहरी पाऊस आता लग्नाच्या वयावर, पहिल्या मुलाच्या वेळेवर, मुलगा की मुलगी यावर आणि लग्न होईल की नाही यावर काम करतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात फेटे बांधलेल्या, घोड्यावर बसलेल्या अविवाहित तरुणांनी वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी करा, ही त्यांची मागणी होती. कोरडवाहू शेती, डोक्यावर कर्ज, नोकरी नाही, म्हणून मुलगी द्यायला कोणी तयार नाही, ही तक्रार त्या जिल्ह्यापुरती नाही. मराठवाडा आणि विदर्भातही ती गावोगाव ऐकू येते. या तरुणांना मुले किती हवीत असे विचारले तर तेही बहुधा दोनच म्हणतील. त्यांची गाडी त्या आकड्याच्या बऱ्याच आधी, सोयरिकीपाशी, अडली आहे. मुलीच्या बापाने जिरायती शेत नाकारून पगारदार जावई शोधणे हाही पावसावर विश्वास न ठेवण्याचाच निर्णय असतो, पण अपत्यसंख्येच्या पाहणीत तो कुठल्याच रकान्यात नोंदला जात नाही.